पिंकस सिनेगॉगमधील बालचित्रे, प्राग

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील पिंकस सिनेगॉग या जुन्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या पहिल्या मजल्यावर कायमस्वरूपी मांडलेली मुलांची चित्रे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी प्रागच्या उत्तरेकडील तेरेझीन गावच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याच्या वस्तीत, डांबलेल्या मुलांनी ती काढली. मारल्या गेलेल्या मुलांचे हे स्मारक आहेच, शिवाय त्यांना शिकवणाऱ्या चित्रकलेच्या बाई फ्रीडल डिकर-ब्रांडाइस (३० जुलै १८९८–९ ऑक्टोबर १९४४) यांचेही आहे. शिक्षिकेचे स्मारक विद्यार्थ्यांच्या कामातूनच उभे राहावे, याहून उचित काही सुचत नाही.

फ्रीडल मूळच्या व्हिएन्नाच्या. तिथे चित्रकार योहानेस इटेन यांच्याकडे त्या शिकल्या आणि १९१९ मध्ये त्यांच्या पाठोपाठ वायमारच्या बाउहाउस कलाशाळेत गेल्या. नंतर व्हिएन्नात फ्रांझ झिंगर यांच्या भागीदारीत फर्निचर व अंतर्गत सजावटीचे काम केले. १९३४ मध्ये कम्युनिस्ट म्हणून अटक झाली; सुटल्यावर त्या प्रागला आल्या आणि निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. डिसेंबर १९४२ मध्ये पती पावेल ब्रांडाइस यांच्यासह त्यांची रवानगी तेरेझीनला झाली. माणशी ५० किलो सामान नेता येई. त्यातही त्यांनी चित्रकलेचे साहित्य नेले.

तेरेझीनमध्ये रीतसर शाळा भरवायला बंदी होती. चित्रकला, हस्तकला तेवढी चालवून घेतली जाई. एल-४१० या मुलींच्या निवासात बाईंचे वर्ग भरत. कागद मिळेल तो: कचेरीतले फॉर्म, पाठकोरे कागद, वेष्टनाचे कागद. कोलाजांत फाडून चिकटवलेल्या तुकड्यांवर कचेरीचे छापील रकाने अजून दिसतात. शिकवण्याची रीत इटेनच्या वळणाची होती. आधी ताल धरायचा, मग हाताची ती लय रेषेत उतरवायची. फुलदाणीसारखी साधी वस्तू समोर ठेवून ती नीट पाहायची. जुन्या चित्रकारांच्या चित्रांवरून रचना समजून घ्यायची. सफाईदार चित्र काढून घेणे हा बाईंचा हेतू नव्हता. मुलांनी मोकळे व्हावे, तासाभरापुरते तरी स्वतःच्या मनाचे मालक असावे, यासाठी त्यांचा सारा खटाटोप होता. मुलांनी फुले, फुलपाखरे, घरचे जेवणाचे टेबल, मागे राहिलेले घर काढले, तसे घेटोतले मजली पलंगही काढले.

एका बाबतीत बाई फार आग्रही होत्या: चित्रावर आपले नाव घातलेच पाहिजे. जिथे माणसाची नोंद हद्दपारीच्या गाडीच्या क्रमांकाने होई, तिथे हा आग्रह साधा नव्हता. त्या नावांमुळेच पुढे चित्रांची सांगड हद्दपारीच्या याद्यांशी घालता आली आणि कोणत्या मुलाचे काय झाले हे कळले. सुमारे ६६० बालचित्रकारांपैकी ५५० मारले गेले.

सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस पावेल यांना ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीत पाठवण्यात आले. फ्रीडल यांनी स्वतःहून पुढच्या गाडीत नाव घातले. ६ ऑक्टोबरला त्या निघाल्या आणि ९ ऑक्टोबरला ऑशविट्झच्याच बिर्केनाऊ या भागात मारल्या गेल्या. पावेल मात्र वाचले. निघण्यापूर्वी मुलांची चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून ठेवलेली होती. निवासाचे प्रमुख विली ग्रोग यांनी ती युद्धानंतर, ऑगस्ट १९४५ मध्ये, प्रागच्या ज्यू समाजाच्या हवाली केली. अशी सुमारे ४,५०० चित्रे आता प्रागच्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत.

सिनेगॉगची वास्तू १५३५ सालची. तळमजल्याच्या भिंतींवर बोहेमिया व मोराव्हिया या चेक प्रांतांतील सुमारे ७८,००० बळींची नावे हाताने लिहिलेली आहेत. १९५४ ते १९५९ या काळात वात्स्लाव बोश्तीक आणि यिर्झी योन या चित्रकारांनी ती रंगवली. भूजल झिरपू लागल्याने १९६८ मध्ये इमारत बंद झाली. कम्युनिस्ट राजवटीत दुरुस्ती रखडली, नावे गेली आणि १९९० च्या दशकात ती पुन्हा लिहावी लागली. भिंतीवर चित्रकारांच्या हाताने लिहिलेली काही नावे वरच्या मजल्यावर मुलांच्या स्वतःच्या अक्षरात भेटतात. दोन्ही मजले एकत्र पाहिल्याखेरीज हे स्मारक पुरते उमगत नाही.

फ्रीडल यांच्या विद्यार्थिनी एडिथ क्रेमर (१९१६–२०१४) यांनी प्रागच्या वर्गांत त्यांना मदत केली होती. १९३८ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या. अमेरिकेत मुलांच्या कलोपचाराचा (चित्रकलेतून करायच्या मानसोपचाराचा) पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.