संवादसूचक (कथालेखन)

कथा-कादंबरीत कोण बोलले हे सांगण्यासाठी संवादाला जोडलेला छोटा वाक्यांश. ‘ती म्हणाली’, ‘दादांनी विचारलं’, ‘तो पुटपुटला’ ही नेहमीची उदाहरणे. नाटकाच्या संहितेत हे काम संवादाआधी छापलेले पात्राचे नाव करते. कथेत ते निवेदकाकडे येते, म्हणून संवादसूचकात नेहमी निवेदकाचाच आवाज असतो.

मोडी लिपीत विरामचिन्हे नव्हती. जुन्या बखरींत कोणाचे बोलणे कुठे संपले हे ‘म्हणोन’सारख्या शब्दांवरून कळे. छपाईबरोबर अवतरणचिन्हे रुळली आणि संवादसूचकावरचा हा भार उतरला.

‘म्हणाला’ हे रूप मराठी लेखकाच्या हातातले सर्वांत कामाचे साधन आहे. ‘विचारलं’, ‘सांगितलं’ यांचा कर्ता ‘ने’ किंवा ‘नं’ घेतो, आणि क्रियापदावरून बोलणारा ओळखू येत नाही. ‘म्हणाला’चे तसे नाही. लिंग, वचन आणि आदर तिन्ही त्यात दिसतात. ‘आई म्हणाली’ आणि ‘सासूबाई म्हणाल्या’ एवढ्यावरून घरातली नाती वाचकाला समजतात. एखाद्या कथेत गोष्ट सांगणारी सून सासूसाठी अर्ध्या वाटेवर ‘म्हणाल्या’ सोडून ‘म्हणाली’वर आली, तर तिच्या मनात काय बदलले ते वेगळे सांगावे लागत नाही. एवढे वजन असलेल्या शब्दाला ‘रागाने’, ‘खिन्नपणे’ अशी शेपटे जोडण्याची गरज क्वचितच पडते.

पुष्कळदा क्रियापदाऐवजी कृती पुरते. लासलगावच्या कांदा बाजारातला हा काल्पनिक प्रसंग पाहावा :

“काय भाव निघाला?” आक्कानं विचारलं.
“नऊशे.” शांतारामनं पावतीची घडी घालून खिशात सरकवली.
“एवढाच?”

दुसऱ्या ओळीत ‘म्हणाला’ नाही, तरी बोलणारा स्पष्ट आहे आणि त्याची अवस्थाही. तिथे ‘तो हताशपणे उद्गारला’ लिहिले असते तर पावतीची घडी वाया गेली असती. तिसऱ्या ओळीला काहीच लागत नाही. ‘खेकसला’, ‘कुजबुजली’ ही क्रियापदे आवाजाची पातळी खरोखर महत्त्वाची असेल तेव्हाच शोभतात.

नाशिक जिल्ह्यात या निवडीला आणखी एक पदर आहे. बागलाण, मालेगावकडे अहिराणी बोलली जाते, सुरगाणा-पेठ भागात कोकणा ही आदिवासी बोली. पात्राच्या तोंडची भाषा उच्चारानुसार लिहिण्याची मुभा मराठी लेखननियमांतच आहे. “काय करी राहिना रे भाऊ?” असे अहिराणी वाक्य आले की बागलाणातल्या सटाण्याकडचा माणूस आणि नाशिक शहरातला त्याचा भाचा यांच्यातला बोलणारा कोण हे आपोआप ठरते. संवादसूचक गाळता येतो. ठेवला तर तो अहिराणीत की प्रमाण मराठीत, हा प्रश्न निवेदक कोण यावर सुटतो. गावातलाच माणूस गोष्ट सांगत असेल, तर त्याच्या तोंडी छापील ‘उद्गारले’ खटकते.

प्रथमपुरुषी निवेदनात एक अडचण हमखास येते. स्त्री निवेदकाचे ‘मी म्हणाले’ आणि वडिलांसाठीचे आदरार्थी ‘ते म्हणाले’ यांत क्रियापद एकच. अशा वेळी सर्वनाम गाळू नये. लांब संवाद असेल तर पहिल्या तुकड्यानंतरच ‘अण्णा म्हणाले’ घालावे; परिच्छेद संपल्यावर नाव कळले, तर वाचकाला सगळे बोलणे मनात पुन्हा दुसऱ्या आवाजात ऐकावे लागते.