पहिल्या वर्षाच्या लेखनवर्गाचे नियम आले कुठून?

पहिल्या वर्षाचे प्रवेश आटोपले की नागपूरच्या बऱ्याच महाविद्यालयांत भाषेच्या तासाला एक सूचनापत्रक वाटलं जातं किंवा फळ्यावर लिहिलं जातं. हजेरी ७५ टक्के हवी. असाइनमेंट ठरल्या तारखेलाच घेतली जाईल. उतरवून आणलेलं चालणार नाही. संदर्भ दिलेच पाहिजेत. शुद्धलेखनाचे गुण कापले जातील. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि इंटर्नलचे गुण जायला नकोत एवढ्यापुरतं लक्षात ठेवतात. यातली प्रत्येक ओळ वेगळ्या काळात आणि वेगळ्या गरजेतून आली आहे. मला त्यात एक उणीव सतत जाणवते. शिस्तीचे नियम आपल्याकडे एकेक करून आले, पण त्यांना ज्यामुळे अर्थ येतो ती मुख्य अपेक्षा आलीच नाही. कच्चं लिहायचं, दाखवायचं, आणि पुन्हा लिहायचं, ही ती अपेक्षा.

हजेरीची गोष्ट सगळ्यांत जुनी. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास विद्यापीठं निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. संलग्न महाविद्यालयं शिकवणार, विद्यापीठ परीक्षा घेणार आणि पदवी देणार, अशी वाटणी होती. मग विद्यार्थी खरोखर शिकला का, हे विद्यापीठाला कळणार कसं? महाविद्यालयाच्या दाखल्यावरून. टर्म भरली, हजेरी पुरी झाली, आता परीक्षेला बसू द्यावं, असा तो दाखला. नागपुरात १८८३ मध्ये हिस्लॉप आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज निघालं. ही महाविद्यालयं आधी कलकत्ता, नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणजे प्रश्नपत्रिका शेकडो मैलांवरून यायची. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ६ महाविद्यालयं आणि ९२७ विद्यार्थी होते. प्रश्नपत्रिका आता गावातच निघू लागली, पण घडी तीच राहिली. आजही कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागली की मुलांची जी धावपळ होते, तिचं मूळ या वाटणीत आहे.

या वाटणीने लेखनाचं काय केलं, ते जास्त महत्त्वाचं. परीक्षक विद्यार्थ्याला ओळखत नाही, उत्तरपत्रिका एकदाच वाचतो, आणि ती लिहिणाऱ्याच्या हाती सहसा परत येत नाही. तीन तासांत एकदा लिहिलं की संपलं. अशा लेखनात दुसऱ्या खर्ड्याला जागाच नाही. साहजिकच लेखन शिकवणं म्हणजे परीक्षेत काय लिहायचं ते आधीच सांगून ठेवणं, असा अर्थ रूढ झाला. निबंध, पत्रलेखन, सारांशलेखन हे प्रश्नपत्रिकेतले ठरावीक गुणांचे प्रश्न झाले. सीताबर्डीच्या दुकानांत गाईडं आणि अपेक्षित प्रश्नसंच येऊन बसले. गाईड घेणाऱ्या मुलाला मी दोष देणार नाही. परीक्षेने जे मागितलं ते त्याने आणून दिलं.

मराठी निबंध मात्र महाविद्यालयाच्या बाहेर मोठा झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ मध्ये सुरू झाली आणि १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले. त्या निबंधांना वाचक होता, वाद घालणारा प्रतिपक्ष होता, पुढच्या अंकात उत्तर द्यायची सोय होती. परीक्षेच्या निबंधाला यातलं काहीच मिळालं नाही.

योगायोग असा की, पहिल्या वर्षाच्या लेखनवर्गाची कूळकथाही १८७४ पासूनच सांगितली जाते, ती अमेरिकेत. त्या वर्षी हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी लेखनाची पत्रिका ठेवली. नेमलेल्या साहित्यकृतींवर छोटा निबंध लिहायचा आणि स्पेलिंग, विरामचिन्हं, व्याकरण बिनचूक ठेवायचं. चांगल्या शाळांतून आलेली मुलंही मोठ्या संख्येने आपटली. तोवर लॅटिन-ग्रीकवर भिस्त असलेल्या विद्यापीठाला हा धक्का होता. ॲडम्स शेर्मन हिल या प्राध्यापकांच्या आग्रहाने १८८५ मध्ये ‘इंग्लिश ए’ हा विषय पहिल्या वर्षाला आला, आणि १९०० च्या सुमारास हार्वर्डमध्ये सक्तीचा म्हणावा असा तोच एक विषय उरला. इतर विद्यापीठांनी तो उचलला.

त्याच वर्गांत आजच्या नियमांपैकी बरेचसे घडले. बॅरेट वेंडेल नावाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांकडून रोज एक पान लिहून घेत. कल्पना फार चांगली. रोज काहीतरी बघायचं, रोज लिहायचं. पण शेकडो मुलांची रोजची पानं तपासणार कोण? मग तपासनीसांच्या हाती तांबडी शाई आणि चुकांची ठरावीक चिन्हं आली, आणि चुकांचे नियम सांगणारी हँडबुकं निघाली. समास केवढा सोडायचा, कागद कसा घडी करायचा, उशीर झाला तर काय, हे सगळं नियमात बसवणं भाग पडलं. विचार तपासायला वेळ लागतो, चुका मोजायला तितका लागत नाही. तपासणीचा कल म्हणून चुकांकडे झुकला, आणि तो पुढची जवळजवळ सत्तर वर्षं तसाच राहिला.

तो कल बदलला १९६०-७० च्या दशकांत, आणि बदलण्याचं मोठं कारण वर्गात आलेली नवी मुलं होती. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या हायस्कूल उत्तीर्ण मुलांना प्रवेश खुला केला. काळी, पोर्तोरिकन, गरीब स्थलांतरित घरांतली मुलं वर्गात आली. त्यांच्या घरात महाविद्यालय कुणी पाहिलेलं नव्हतं. मिना शॉनेसी या प्राध्यापिकेने अशा मुलांचे सुमारे ४,००० निबंध बारकाईने वाचले आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिचा निष्कर्ष आजही वर्गात उपयोगी पडतो. या चुका आळसातून किंवा मठ्ठपणातून आलेल्या नाहीत. त्यांना आतून एक तर्क आहे, आणि तो समजून घेतला तर त्या दुरुस्त होतात. त्याच सुमाराला, १९७४ मध्ये, अमेरिकेतल्या लेखनशिक्षकांच्या परिषदेने विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बोलीच्या हक्काचा ठराव केला. लेखन ही प्रक्रिया आहे, शिक्षकाने शेवटच्या कागदाआधीच मध्ये यावं, हा विचार पुढे आला. पहिला खर्डा, त्यावर शेरे, सहाध्यायाचं वाचन, दुसरा खर्डा हा क्रम तेव्हापासून तिथल्या लेखनवर्गाचा कणा झाला. तारखा पाळण्याचा नियमही यातूनच अर्थपूर्ण ठरतो. मंगळवारी खर्डा आलाच नाही, तर गुरुवारी त्यावर बोलायचं कशाच्या जोरावर?

नागपूरनेही नव्या मुलांचा प्रश्न पाहिला आहे, आणि तो न्यूयॉर्कपेक्षा लहान नव्हता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस नागपूर विद्यापीठाने पदवीला मराठी आणि हिंदी माध्यमाची वाट मोकळी केली, तेव्हा असं पाऊल टाकणारी विद्यापीठं देशात मोजकीच होती. १९५६ चं धम्मचक्रप्रवर्तन झालं आणि शिक्षणाची ओढ वस्त्यावस्त्यांत पोचली. १९६४ मध्ये दीक्षाभूमीच्या परिसरात डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभं राहिलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची मुलं नागपुरात खोली करून किंवा वसतिगृहात राहून शिकू लागली. घरी झाडीबोली, वऱ्हाडी, गोंडी, हिंदी, आणि वर्गात प्रमाण मराठी किंवा इंग्रजी. प्रश्न तोच होता, पण आपण उत्तर वेगळं दिलं. आपण नोट्स दिल्या. तयार उत्तर पाठ केलं की ‘मले’ आणि ‘माह्या’ कागदावर उतरायची भीती उरत नाही, आणि मूलही पास होतं. शिक्षकाची तळमळ खरी होती, आणि अनेक घरांत पहिली पदवी अशाच नोट्समुळे आली. पण त्या मुलाला जे स्वतःला सांगायचं होतं, ते कागदावर आलंच नाही.

एक नमुना बघू. पवनी तालुक्यातल्या मुलीला ‘धरण आणि विकास’ असा विषय दिला आहे, असं समजा. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं आणि त्यात तिच्या आजोबांचं गाव गेलं. ती पहिल्या खर्ड्यात लिहिते, ‘धरणांमुळे सिंचन वाढते परंतु विस्थापनाच्या अनेक समस्या निर्माण होतात. शासनाने याकडे लक्ष देणे गरजेचे आहे.’ गाईडात असतं तसंच. व्याकरणाची एकही चूक नाही, म्हणून तांबड्या शाईला इथे काम नाही. शिक्षकाने समासात एवढंच विचारलं, ‘अनेक म्हणजे कोणत्या? तू कोणती पाहिलीस?’ दुसऱ्या खर्ड्यात ती लिहिते, ‘जुन्या गावात आजोबांचं घर, गोठा आणि धानाची बांधी लागूनच होती. नव्या वसाहतीत घराला प्लॉट मिळाला, पण बैल बांधायला जागा उरली नाही, म्हणून आजोबांनी बैल विकले.’ आता निबंधाला विषय मिळाला. आता मोबदल्याच्या नियमांचा संदर्भ तिला स्वतःहून शोधावासा वाटेल, आणि संदर्भ का द्यायचा हे वेगळं शिकवावं लागणार नाही. हेच वाक्य कुठून उतरवायचं म्हटलं, तर उतरवायला कुठे मिळणारही नाही.

उतरवण्याबद्दलचा कायदा मात्र आपल्याकडे चांगला कडक आहे. परीक्षेतल्या कॉपीसाठी महाराष्ट्रात १९८२ चा कायदा आहे. वाङ्मयचौर्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियमावली काढली. तिच्यात प्रबंधासाठी पायऱ्या ठरवल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर सादर करता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसामान्य माहिती मोजायची नाही, असंही तीत आहे. या पायऱ्या संशोधकाला समोर ठेवून आखल्या आहेत. पहिल्या वर्षाच्या वर्गात त्या जशाच्या तशा लावल्या की मुलं एकच गोष्ट शिकतात, शब्द बदलून टक्का खाली कसा आणायचा ते. शिवाय मराठी मजकुराची एक जुनी अडचण आहे. टायपिंगच्या दुकानात कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, सॉफ्टवेअरला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरं वाटतात. साम्य सापडलं नाही म्हणजे लेखन स्वतःचं आहे, असं मानायला म्हणून आधार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि शेवटचा कागद पाहून निवाडा करणं आणखी अवघड झालं. सूचनापत्रकात त्याच्या बंदीची एक ओळ वाढवून भागणार नाही. मुलाने विषय कसा निवडला, पहिल्यांदा काय लिहिलं, कुणाच्या शेऱ्यावरून काय बदललं, हे शिक्षकाने वाटेत पाहिलेलं असेल, तरच त्याला लेखन ओळखता येईल.

अडचण वेळेची आहे, आणि ती खरी आहे. वर्गात १०० मुलं धरा, प्रत्येकाचे दोन खर्डे, एका खर्ड्याला दहा मिनिटं. एका असाइनमेंटलाच ३३ तासांहून जास्त वेळ गेला. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाला या तपासणीचे पैसे वेगळे मिळत नाहीत. हार्वर्डची रोजची पानं ज्या कारणाने तांबड्या शाईत बुडाली, तेच कारण इथेही आहे. तरी सध्या एक फट उघडली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला क्षमतावृद्धीचे भाषा-अभ्यासक्रम आले, आणि अंतर्गत गुण कशाला द्यायचे यात शिक्षकाला थोडी मोकळीक आहे. सत्रात चार असाइनमेंट घेण्याऐवजी एकच घ्यावी. पहिला खर्डा वर्गातच, हाताने लिहून घ्यावा. मुलांनी जोडीने एकमेकांचा वाचून प्रत्येकी दोन प्रश्न विचारावेत. शिक्षकाने नीट वाचावा तो फक्त दुसरा खर्डा, पहिला तुलनेपुरता शेजारी ठेवून, आणि अंतर्गत गुणांतले निम्मे पहिल्या खर्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत झालेल्या बदलाला द्यावेत. ७५ टक्के हजेरीची अट त्याच पत्रकात खुशाल राहू द्यावी, कारण जोडीदार गैरहजर असेल तर खर्डा वाचणार कोण, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतं.