हिपहॉप लेबल काढताय? अर्ज नेमके कुठे अडकतात ते आधी वाचा

म्युझिक लेबलसाठी म्हणून वेगळा परवाना कुठलंही सरकारी खातं देत नाही. एजंट मंडळी 'म्युझिक कंपनी लायसन्स' म्हणून जे पॅकेज गळ्यात मारतात, त्यात बहुतेक वेळा उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) आणि गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंद) एवढंच असतं. त्यातली उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. वय १८ पूर्ण, पॅन आणि मोबाइलशी जोडलेलं आधार एवढ्यावर काम सुरू होतं. एकट्याचा धंदा असेल तर प्रोप्रायटरशिप पुरे. पैसे दोघांनी घातले असतील तर भागीदारीचा लेखी करार आधी करा, नाहीतर पहिलं गाणं चाललं की भांडण ठरलेलं.

उद्यमच्या अर्जात धंद्याचा प्रकार निवडताना एनआयसी (सरकारी उद्योग वर्गीकरण) वर्ग ५९२० घ्या. ध्वनिमुद्रण आणि संगीत प्रकाशन त्यातच येतं. बाकीचा अर्ज पंधरा मिनिटांचा आहे.

पत्त्याचा कागद

सगळ्यात जास्त अर्ज इथे पडतात. स्टुडिओ म्हणजे घरातली एक खोली, वीजबिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली. चाळीत आणि वस्तीत तर हे घरोघरी आहे. जीएसटीच्या अर्जाआधी (तो कधी लागतो ते पुढे येतंच) बिल आणि घरपट्टी हयात माणसाच्या नावावर करून घ्या. वेळ जातो, पण दुसरा सरळ रस्ता नाही. जागा आई-वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र, ओळखपत्र आणि वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती पुरते. संमतीपत्र साध्या कागदावर चालतं. १७ एप्रिल २०२५ च्या केंद्रीय सूचनेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी कुणी स्टॅम्प पेपर मागितलाच तर सूचना क्रमांक ०३/२०२५ दाखवा. भाड्याची जागा असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या नावाचा एक कागद लागतो.

जीएसटीच्या अर्जावर शंका काढली गेली तर उत्तराला कामाचे ७ दिवस मिळतात. ही मुदत तुम्ही ईमेल उघडता त्या दिवसापासून धरत नाहीत. नोटीस स्पॅममध्ये पडून राहते आणि अर्ज फेटाळला जातो. तेव्हा पोर्टलवर स्वतः जाऊन बघत राहा.

गुमास्त्याचा घोळ वेगळाच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या बदलानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, त्याची पावती मिळते. बँकेतला माणूस ही पावती बघून 'लायसन्स कुठंय?' म्हणतो. वीसच्या आत कामगार असले की हीच पावती असते, हे त्याला शांतपणे सांगा. या अर्जात मराठी नामफलकासह जागेचा फोटो मागतात. बेडरूमच्या दाराला कोण पाटी लावतं? पण लावावीच लागते. देवनागरीत लेबलचं नाव लिहिलेली साधी पाटी दारावर लावा आणि दार, पाटी दोन्ही दिसतील असा फोटो काढा. इंग्रजी लोगोचा पोस्टर चालत नाही.

'वीस लाखांपर्यंत जीएसटी नाही' हे अर्धंच खरं

सेवांसाठी २० लाखांची मर्यादा आहे, हे बरोबर. पण संगीतकार आपल्या मूळ संगीताचा कॉपीराइट म्युझिक कंपनीला देतो किंवा वापरायला देतो, तेव्हा कर कंपनीने भरायचा असतो, म्हणजे रिव्हर्स चार्ज. आणि रिव्हर्स चार्ज भरावा लागणाऱ्याला उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. म्हणजे बाहेरच्या बीटमेकरकडून १०,००० रुपयांना बीट (रॅपमागचं संगीत) घेतलात तर १८ टक्क्यांनी १,८०० रुपये तुम्ही रोखीने भरायचे. पुढे त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तुमच्या करातून ते वजा होतात, पण आधी खिशातून जातात. परदेशी संकेतस्थळावरून धंद्यासाठी बीट घेतलं तरी तेच. बीट्स स्वतःच बनवत असाल तर हा प्रश्न येत नाही. एकदा नंबर घेतला की कमाई शून्य असली तरी विवरणपत्र भरायचं. विसरलात तर शून्य विवरणालाही दिवसाला २० रुपये दंड.

नावाची नोंदणी

ट्रेडमार्क वर्ग ९ आणि वर्ग ४१ मध्ये घ्या. ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये. प्रोप्रायटरला (एकट्या मालकाला) हाच दर आपोआप लागतो. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा कंपनी असेल तर उद्यम प्रमाणपत्र जोडा, नाहीतर ९,००० मोजा. गावाचं नाव आणि पुढे 'रॅप रेकॉर्ड्स' असली नावं वर्णनात्मक म्हणून अडवतात. नाव जितकं वेगळं, तितकं बरं. 'कधीपासून वापरात' या रकान्यात जुनी तारीख टाकायची तर शपथपत्र आणि पुरावे लागतात. नुसतं 'दोस्त मंडळी तेव्हापासून ओळखतात' चालत नाही.

ट्रेडमार्क अर्जाच्या स्थितीत 'ऑब्जेक्टेड' (हरकत) दिसलं की पोरं हात टेकतात. तो नकार नसतो. तपासणी अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि फी परत मिळत नाही.

बीटचा कागद

खरी गोम इथे आहे. गाण्यात तीन हक्क असतात: शब्दांचा, संगीताचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाची कॉपीराइट नोंदणी (फी २,००० रुपये) ऐच्छिक आहे. पण ती करायला गेलं की रॅपर आणि बीटमेकर दोघांचं ना-हरकत पत्र मागतात. बीटमेकर इंटरनेटवरचा, टोपणनावाचा, खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. हातात असते ती बीट लीजची, म्हणजे बीट भाड्याने घेतल्याची, पीडीएफ. ती वापरायची परवानगी असते, मालकी नव्हे. तेच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेलं असू शकतं, म्हणून असं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (तुमचं गाणं इतरांच्या व्हिडिओत आपोआप शोधणारी यंत्रणा) टाकलं की दुसऱ्याच्या गाण्यावर दावा लागतो आणि तुमचंच खातं गोत्यात येतं. लेबलच्या गाण्यासाठी बीट एक्स्क्लुझिव्हच (फक्त तुम्हालाच दिलेलं) घ्या, खऱ्या नावाने आणि सहीने. जुन्या सिनेगीताचा चार सेकंदांचा सॅम्पल (उचललेला तुकडा) असला तरी परवानगी लागते. 'इतकं छोटं चालतं' ही निव्वळ अफवा.

हक्क हस्तांतराचा करार लेखी आणि सहीचा हवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वर्षभरात हक्क वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसेल तर, तो हातचा जातो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा लेबलला स्वतःच्या नावावर लिहून घेता येत नाही. तसं कलम टाकलंत तरी ते टिकत नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून करारांना १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर चालत नाही, किमान ५०० चा घ्या.

रॅपर सतरा वर्षांचा असेल तर थांबा. वडिलांची सही घेऊन भागत नाही: राज राणी विरुद्ध प्रेम अदीब या १९४९ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीसाठी वडिलांनी केलेला अभिनयाचा करारही अग्राह्य ठरवला होता.

बाकीचं

आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे गाणी अ‍ॅपवर चढवणारी कंपनी, देते. स्वतःचा हवा असेल तर भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते. डिस्ट्रिब्यूटर बदलताना त्याच रेकॉर्डिंगला नवा कोड घेऊ नका, जुने आकडे तुटतात. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं (त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व आपापलं घ्यावं.

यूट्यूबचा अमेरिकी कर-फॉर्म भरायला विसरू नका. प्रोप्रायटरला डब्ल्यू-८बेन, कंपनीला डब्ल्यू-८बेन-ई. भारत-अमेरिका कर-कराराची सवलत मागितली तर अमेरिकेतल्या कमाईवर १५ टक्के कापतात, न मागता बसलात तर दुप्पटही जाऊ शकतात. आणि पैसे घेणाऱ्याच्या रकान्यात बँक खात्यावरचं नाव लिहा, रॅपचं नाव नको. तेवढ्यावरून पेमेंट अडकून बसतं.