तारा, टेबल आणि शनिवारची दुपार

शुक्रवारी रात्री निघायचं, दोन दिवस एखाद्या शहरात पायी भटकायचं, चार नावाजलेल्या इमारती बघायच्या आणि उरलेला वेळ तिथली माणसं जिथं टेकतात तिथं जाऊन टेकायचं. असा बेत आखताना नकाशावर दोन प्रकारच्या खुणा केल्या जातात, एक वास्तूंची आणि दुसरी अड्ड्यांची. दोन्ही एकाच पडद्यावर शेजारी शेजारी बसतात, म्हणून त्या एकाच हौसेच्या दोन बाजू वाटतात. तशा त्या नाहीत. इमारत बघायला जाणं, कट्ट्यावर बसणं आणि मुळात दोन दिवस हाताशी मोकळे असणं, या तीन गोष्टी तीन वेगळ्या वाटांनी आल्या. त्यांची गाठ पडली त्याला जेमतेम पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. बेत फसतो तो बहुतेक वेळा याच सांध्यावर.

आधी मोकळ्या दिवसांचं बघू. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात कारागीर रविवारी मनसोक्त पिऊन सोमवारी सरळ दांडी मारत. या दांडीला ते थट्टेनं 'सेंट मंडे' म्हणत, जणू एखाद्या संताचा सणच. वाफेची यंत्रं आल्यावर मालकांना हा सण परवडेना. मग हळूहळू सौदा ठरत गेला: सोमवारी वेळेवर या, बदल्यात शनिवारी लवकर सुटा. 1850 च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या बायकांना आणि किशोरवयीन कामगारांना शनिवारी दुपारी 2 नंतर कामाला लावायला बंदी केली. 'वीक-एंड' हा शब्द आजच्या अर्थानं छापलेला सापडतो तो 1879 मध्ये, आणि तोही समजावून सांगितलेला: स्टॅफर्डशर भागात शनिवारी दुपारी काम उरकून कुणी लांबच्या मित्रांकडे रविवारपर्यंत राहायला गेला, तर तो तिथं वीक-एंड घालवतोय असं म्हणतात. म्हणजे शब्दाच्या जन्मातच प्रवास आहे. घरी लोळणं त्यात नव्हतं. अख्खा शनिवार मिळायला मात्र आणखी वेळ लागला. हेन्री फोर्डनं 1926 मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा लावला, अमेरिकेत कायदा झाला 1938 मध्ये, आणि 40 तासांची मर्यादा लागू झाली 1940 मध्ये.

इमारती बघण्याची वाट याहून जुनी, आणि फार मोजक्यांची. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत घरांतली पोरं 'ग्रँड टूर'ला निघत, ती महिनोन्‌महिने, कधी दोन-दोन वर्षं परत येत नसत. सोबत शिक्षक, मुक्काम रोममध्ये, अभ्यास भग्नावशेषांचा. अशा माणसाला 'काय बघू नि काय सोडू' हा प्रश्नच पडत नाही, कारण सोडायचं काहीच नसतं. निवड करावी लागते ती घाई असलेल्याला. रेल्वे आली, सुट्टीवर निघालेला मध्यमवर्ग आला, आणि त्याच्याबरोबर यादी आली.

या यादीचा इतिहास मोठा मजेदार आहे. मरियाना स्टार्क या इंग्रज बाईंनी 1820 च्या सुमाराला छापलेल्या प्रवास-मार्गदर्शकात चांगल्या चित्रांपुढे आणि शिल्पांपुढे उद्गारचिन्हं दिली. जितकं थोर काम, तितकी जास्त चिन्हं. 1836 पासून लंडनच्या जॉन मरेची लाल बांधणीची हँडबुकं निघू लागली. कोब्लेंझचा प्रकाशक कार्ल बेडेकर याने मरेकडून पुष्कळ उचललं, उद्गारचिन्हांच्या जागी छोटा तारा आणला, आणि अचूकपणाच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे गेला. त्याची एक आठवण त्याला पाहिलेल्या प्रवाशानं नोंदवून ठेवली आहे. मिलानच्या कॅथेड्रलच्या गच्चीवर चढताना एक गृहस्थ दर वीस पायऱ्यांनी थांबायचे, बंडीच्या खिशातून एक वाटाणा काढायचे आणि विजारीच्या खिशात टाकायचे. वर पोचल्यावर वाटाणे मोजले, गुणिले वीस, वर उरलेल्या सुट्या पायऱ्या. उतरताना हाच हिशोब उलटा, ताळा पटवायला. ते गृहस्थ म्हणजे बेडेकर. आज एखाद्या मनोऱ्याच्या पायऱ्यांचा आकडा आपण सहज वाचून सोडून देतो, तेव्हा त्या आकड्यामागे कुणाच्या तरी खिशातले वाटाणे असतात.

ताऱ्याची सवय किती खोल रुजली ते 1942 मध्ये दिसलं, आणि फार वाईट रीतीनं. मार्चअखेर ब्रिटिश विमानांनी ल्यूबेक हे जुनं जर्मन शहर जाळलं. एप्रिलमध्ये जर्मनीनं सूड म्हणून एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क या शहरांवर बाँब टाकले. लष्करी दृष्टीनं ती फार महत्त्वाची नव्हती, पण सुंदर होती. जर्मन परराष्ट्र खात्यातला एक अधिकारी बोलून गेला की बेडेकरमध्ये तीन तारे असलेली ब्रिटनमधली प्रत्येक इमारत आम्ही पाडू. हे हल्ले आजही 'बेडेकर हल्ले' म्हणूनच ओळखले जातात. त्यातली बारीक गोष्ट अशी की बेडेकरनं दोनाहून जास्त तारे कधी कुणाला दिलेच नव्हते.

या सगळ्या याद्यांत चर्च, राजवाडे, संग्रहालयं भरपूर. स्टेशन, कचेरी, दुकानाची इमारत, साधी राहती चाळ मात्र क्वचित. रोजच्या वापरातल्या इमारतीही बघण्याजोग्या असतात हे लोकांना कळलं ते त्या पडायला लागल्यावर. न्यूयॉर्कचं पेनसिल्व्हेनिया स्टेशन 1910 मध्ये उघडलं होतं. रोमन स्नानगृहांच्या धर्तीवरचं त्याचं प्रतीक्षागृह पन्नास वर्षं प्रवाशांनी नुसतं तुडवलं. ऑक्टोबर 1963 मध्ये पाडकाम सुरू झालं तेव्हा ओरड झाली, पण उशिरा. एप्रिल 1965 मध्ये शहरानं वारसा-इमारतींचा कायदा केला. दोन वर्षांनी, 1967 मध्ये, अमेरिकन वास्तुरचनाकारांच्या संस्थेचं अधिवेशन न्यूयॉर्कला भरलं आणि पाहुण्यांसाठी शहरातल्या इमारतींची एक खिशात मावणारी गाईड तयार झाली. तिच्यात गोदामं आणि बँकाही होत्या.

शिकागोची गोष्ट जास्त चटका लावणारी. तिथं रिचर्ड निकेल नावाचा छायाचित्रकार होता. वास्तुरचनाकार लुई सलिव्हननं बांधलेल्या इमारती एकामागून एक पाडल्या जात होत्या आणि हा त्यांचे फोटो काढत, निदर्शनं करत, शेवटी ढिगाऱ्यातून नक्षीचे तुकडे वाचवत फिरायचा. एप्रिल 1972 मध्ये तो अर्धवट पाडलेल्या जुन्या स्टॉक एक्स्चेंजमध्ये शिरला, आणि आतलं बांधकाम त्याच्यावर कोसळलं. मृतदेह सापडायला जवळजवळ महिना लागला. त्या इमारतीची कमान आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटबाहेर उभी आहे आणि तिथला सौद्यांचा दिवाणखाना आत पुन्हा रचलेला आहे. प्रवासी कमानीखाली उभे राहून फोटो काढतात. बहुतेकांना निकेल माहीत नसतो.

त्याच शहरात 1966 मध्ये काही लोकांनी एकत्र येऊन 1887 चं ग्लेसनर हाउस विकत घेऊन वाचवलं. घर सांभाळायला पैसा हवा आणि लोकांची आपुलकीही हवी, म्हणून त्यांनी स्वयंसेवकांना शिकवून तयार केलं आणि सामान्य माणसांना शहरातून पायी फिरवायला सुरुवात केली. आज शहरोशहरी जे 'आर्किटेक्चर वॉक' दिसतात त्यांच्या पूर्वजांत या चळवळीचा मान मोठा आहे. ते पर्यटनातून जन्मलेले नाहीत, पाडकामाच्या धास्तीतून जन्मलेले आहेत, आणि वाटाड्याच्या सुरात अजून ती कळकळ ऐकू येते. मला तरी तो सूर गुळगुळीत ऑडिओ गाईडपेक्षा बरा वाटतो.

इंग्लंडमध्ये हेच काम एका माणसानं जवळजवळ एकहाती केलं. निकोलाउस पेव्हस्नर, जर्मनीतून आलेला निर्वासित, याने सगळ्या इंग्लंडच्या इमारतींची जिल्हावार नोंद करायचं 1945 मध्ये मनावर घेतलं. पद्धत ठरलेली: कॉलेजच्या सुट्टीत निघायचं, गाडी बायकोनं, लोलानं चालवायची, दिवसभर गावोगावची चर्च आणि वाडे बघायचे, आणि रात्री मुक्कामी त्याच दिवशी सगळं लिहून काढायचं. उद्यावर काही ठेवायचं नाही. पहिले खंड 1951 मध्ये आले, 1963 मध्ये लोला गेली, आणि 46 वा, शेवटचा खंड 1974 मध्ये निघाला. तो होता स्टॅफर्डशरचा; 'वीक-एंड' शब्द जिथला म्हणून छापला गेला, तोच परगणा.

इथं एक अडचण अजून तशीच होती. शनिवारी-रविवारी माणूस मोकळा, पण नेमक्या त्याच दिवशी कचेऱ्या, न्यायालयं, बँका बंद. बाहेरून दर्शनी भाग बघायचा, जिना आणि छत बघायचं राहून जायचं. यावर तोडगा काढला फ्रान्सनं. 1984 मध्ये सांस्कृतिक मंत्री जॅक लांग यांनी सप्टेंबरातल्या एका रविवारी ऐतिहासिक वास्तूंची दारं उघडली. पुढं युरोपभर असे वारसा-दिवस सुरू झाले. लंडनमध्ये 1992 पासून 'ओपन हाउस' भरू लागला: वर्षातून एकदा खाजगी घरं, कार्यालयं, पाणी उपसण्याची जुनी केंद्रंसुद्धा फुकट बघायला खुली. तो नमुना नंतर कितीतरी शहरांनी उचलला. ज्याला इमारती आतून बघायच्या आहेत त्यानं शहर ठरवायच्या आधी ही तारीख बघावी. उरलेल्या पन्नास आठवड्यांत तीच दारं बंद असतात.

आता अड्डा. याची वाट पूर्वेकडून आली. 1550 च्या दशकात अलेप्पोचा हकम आणि दमास्कसचा शम्स या दोघांनी इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकानं थाटली, अशी ऑटोमन इतिहासकार पेचेवीनं नोंद केली आहे. लंडनमध्ये पहिलं कॉफीहाउस 1652 मध्ये आलं. तिथं पेल्याच्या किमतीत कुणीही कुणाशेजारी बसू शकायचा, आणि सत्तेला नेमकं तेच खुपलं. चार्ल्स दुसऱ्यानं डिसेंबर 1675 मध्ये सगळी कॉफीहाउसं बंद करण्याचा हुकूम काढला. इतका गदारोळ झाला की हुकूम अमलात यायच्या आत त्याला तो गिळावा लागला. एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसात जहाजांच्या विम्याच्या गप्पा चालत, त्यातून विम्याचा जगभरचा बाजार उभा राहिला. या जागांच्या भिंतींकडे कुणाचंच लक्ष नसायचं. लक्ष समोरच्या माणसाकडे.

1989 मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्गनं या जागांना नाव दिलं: तिसरी जागा. पहिली घर, दुसरी कामाची, तिसरी ही. तिची लक्षणं सांगताना त्यानं एक गोष्ट नमूद केली, जी प्रवासाचे बेत आखणाऱ्यांच्या नजरेतून सहसा निसटते: अशी जागा दिसायला साधी असते, किंबहुना काहीशी कळकट. दिखाऊ जागेत माणूस सावरून बसतो, साध्या जागेत पसरतो. आणि जागा चालते ती रोजच्या गिऱ्हाइकांवर. म्हणजे इमारत बघण्याजोगी व्हावी म्हणून जे लागतं, नेमकं त्याच्या उलटं अड्ड्याला लागतं. ताऱ्यानं इमारत वाचू शकते. अड्ड्याला तारा मिळाला की रोजचा माणूस उठून जातो.

तिन्ही वाटा खऱ्या अर्थानं एकत्र आल्या त्या 1997 मध्ये. एप्रिलमध्ये युरोपीय संघातलं विमान वाहतुकीचं क्षेत्र पूर्ण खुलं झालं, कुठल्याही सदस्य देशाची कंपनी कुठंही उडू लागली, आणि दोन दिवसांसाठी दुसऱ्या देशात जाणं हिशोबात बसू लागलं. ऑक्टोबरमध्ये स्पेनमधल्या बिल्बाओत वास्तुरचनाकार फ्रँक गेरीनं रचलेलं गुगेनहाइम संग्रहालय उघडलं. पोलाद आणि जहाजबांधणी बसल्यानं खंगलेलं बंदर, नदीकाठी ओस पडलेली जमीन, आणि तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरहून पातळ टायटॅनियमच्या पत्र्यांची ती वळणावळणांची इमारत. पहिल्याच वर्षात 10 लाखांहून जास्त लोक आले. मग जगभरच्या महापौरांना आपल्याकडेही अशी एक इमारत हवी झाली. बिल्बाओनं त्याआधी मेट्रो बांधली होती, नदी साफ करायला घेतली होती, हे नक्कल करणाऱ्यांनी बघितलं नाही.

राहण्याचा प्रश्नही अशाच एका शनिवार-रविवारी सुटला. ऑक्टोबर 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डिझाइनची परिषद होती, हॉटेलं भरलेली. दोघा भाडेकरू मित्रांनी आपल्या खोलीत हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. पुढच्या वर्षी त्यातून एअरबीएनबी उभी राहिली. प्रवासी हॉटेलांच्या भागातून उठून राहत्या वस्तीत आला, आणि कोपऱ्यावरचा अड्डा त्याच्या दारात आला. सोय झाली, पण वस्तीची नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. 2022 मध्ये हा आकडा 50 हजारांच्या खाली गेला. कारणं अनेक आहेत, पर्यटन त्यातलं एकच. एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी, मुक्काम न करता फिरून जाणाऱ्यांकडून व्हेनिस प्रवेशशुल्क घेतं.

इमारत आणि अड्डा एकाच ठिकाणी सापडणं दुर्मीळ, पण व्हिएन्नात तसं एक ठिकाण आहे. 1899 मध्ये आडोल्फ लोस या तरुण वास्तुरचनाकारानं 'काफे म्युझियम' सजवलं, खरं तर सजवलं नाही: कोऱ्या भिंती, वाकवलेल्या लाकडाच्या हलक्या खुर्च्या, बाकी काही नाही. लोकांनी त्याला 'काफे निहिलिस्मुस', म्हणजे शून्यवादाचं काफे, म्हणून हिणवलं, पण चित्रकार आणि लेखक तिथंच येऊन बसू लागले. 1930 च्या दशकात योसेफ झोट्टीनं आतली रचना बदलून गुबगुबीत लाल बाकं बसवली, आणि पुढच्या पिढ्यांचा अड्डा त्या बाकांवर जमला. 2003 मध्ये अभ्यासपूर्वक लोसची मूळ रचना परत आणली. वास्तुप्रेमी खूश झाले. रोजची गिऱ्हाइकं त्या खुर्च्यांवर काही रमेनात. 2010 मध्ये पुन्हा काम काढलं आणि झोट्टीच्या धर्तीची मऊ बाकं परत आली. लोसचं काफे बघायला म्हणून जो जातो, तो आज त्याच बाकांवर बसतो.