तीस-चाळीसची साइट

बेळगावात कुणी घराला जागा घेतली की पहिला प्रश्न असतो, ‘साइट केवढी?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘तीस-चाळीस.’ म्हणजे एक बाजू तीस फूट, दुसरी चाळीस.

गेल्या महिन्यात वडगावात भावाच्या साइटवर पायाची आखणी होती. गवंडीमामांनी खुंटी ठोकली आणि तिच्या डोक्यावर बारीक खिळा मारला. खुंटी दोन इंच जाड. माप नेमकं कुठून धरणार? युक्लिडने इ.स.पू. 300 च्या सुमारास लिहिलं, बिंदू म्हणजे ज्याला भाग नाही. रेषा म्हणजे रुंदी नसलेली लांबी. तसा बिंदू मातीत रोवता येत नाही. खिळा हा त्याच्या जवळ जाण्याचा प्रयत्न. दोरीलाही जाडी असतेच, म्हणून मामा प्रत्येक माप दोरीच्या एकाच कडेपासून घेत होते.

कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं गवंड्याचं साधन, लावला. कानडी गवंडी त्याला मूलेमट्ट म्हणतात. पण दोन फुटी गुण्यात टोकाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक पडला, तर चाळीस फुटांवर तो अडीच इंच होतो. मामा म्हणाले, ‘गुण्यावर भागत नाही ओ, कर्ण बघूया की.’

टेप ताणला. बरोबर 50 फूट.

30 चा वर्ग 900, 40 चा 1600, बेरीज 2500, म्हणजे 50 चा वर्ग. याला आपण सरसकट पायथागोरसचा सिद्धांत म्हणतो, पण इथे कामी आला तो त्याचा व्यत्यास. सिद्धांत सांगतो, कोन काटकोन असेल तर वर्गांचा हिशेब जुळतो. मामांना उलटं हवं होतं: हिशेब जुळला, म्हणून कोन काटकोन आहे. एक विधान खरं म्हणून त्याचं उलटं खरं ठरत नाही. चौरसाच्या चारही बाजू समान असतात, पण चारही बाजू समान असलेली प्रत्येक आकृती चौरस नसते. युक्लिडने म्हणूनच पहिल्या खंडात सिद्धांत 47 वा ठेवला आणि व्यत्यास 48 वा, वेगळा सिद्ध करून.

सिद्धता छोटी आहे. शेजारी 30 आणि 40 बाजूंचा खराखुरा काटकोन त्रिकोण काढा. सिद्धांतानुसार त्याचा कर्ण 50. आता दोन्ही त्रिकोणांच्या तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे शाळेतली बाबाबा कसोटी. त्रिकोण एकरूप, म्हणून आपला कोनही 90 अंशांचाच.

मामांनी दुसरा कर्णही मोजला. चारही बाजू बरोबर असतील तर तोही पन्नासच यायला हवा. आला 50 फूट 2 इंच. मग मागच्या खुंटीपाशी वाकून त्यांनी खिळा उपटला आणि बाजू पहिल्यापासून मोजायला घेतल्या.