नराला बाप नसतो

तेरवीच्या चुलीचा धूर पिंपळावरच्या आग्या मोहोळाला लागला, पंगत पत्रावळी टाकून पळाली आणि संध्याकाळपर्यंत वरुडकडच्या आमच्या गावात व्हॉट्सअॅपवर निरोप फिरला: ब्राझीलच्या संकरित ‘किलर’ माश्या विदर्भात आल्या! दोघा-तिघांनी देवीचा कोप म्हटलं. कोप धुराचा होता. आग्या ही इथलीच, उघड्यावर एकच भलंमोठं पोळं टांगणारी निराळी जात. पेटीतल्या युरोपीय माशीशी तिचा संकर होतच नाही.

ब्राझीलची गोष्ट मात्र खरी. उष्ण हवेत भरपूर मध देणारी माशी हवी म्हणून तिथले आनुवंशिकीतज्ज्ञ वॉरविक केर यांनी १९५६ साली आफ्रिकेतून राण्या नेल्या. राणी बाहेर पडू नये म्हणून पेट्यांच्या दाराला जाळ्या होत्या. १९५७मध्ये ब्राझीलमधल्या रिओ क्लारोजवळ कुणीतरी त्या काढल्या आणि २६ वसाहतींचे थवे उडाले. १९९०मध्ये त्यांचे वंशज टेक्सासात होते.

एवढ्याशा माश्यांनी खंड कसा गिळला? इथली भानगड मला फार आवडते. राणी पेटीत नाही, उंच हवेत दहा-वीस नरांशी जुगते आणि ते बीज पोटातल्या पिशवीत आयुष्यभर पुरवते. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. म्हणजे नराला आई असते, आईचा बाप असतो, स्वतःचा बाप नसतो! त्याच्याकडे गुणसूत्रं सोळाच, सगळी आईची. म्हणून आफ्रिकी राणी युरोपीय नरांशी जुगली, तरी तिचे मुलगे शुद्ध आफ्रिकीच. तेच मग शेजारच्या पेट्यांतल्या युरोपीय कुमारी राण्यांना हवेत गाठतात. पुढे त्या पेटीत नवी राणी घडायची वेळ आली, की आफ्रिकी बापाच्या मुली बहुधा आधी बाहेर पडतात आणि कोशातल्या सावत्र बहिणींना डंखानं मारून टाकतात. पेटी तीच, मालक तोच, आतलं रक्त बदललेलं.

डंखातलं विष काही जास्त जहाल नाही. एकीनं डंख मारला की पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो, त्या वासावर बाकीच्या धावतात. आफ्रिकी संकर शेकड्यांनी येतो आणि लांबवर पाठ सोडत नाही, एवढंच.

निरोप पाठवणाऱ्या भाऊंच्या संत्र्याच्या बागेत इटालियन माश्यांच्या तीन पेट्या आहेत. ‘किलर’ची सख्खी जात तीच. भाऊ रोज तिथून उघड्या अंगानं पाणी द्यायला जातात.