क्रॅश डंपसाठी राखीव मेमरी

क्रॅश डंपसाठी राखीव मेमरी : संगणक सुरू होत असतानाच मुख्य मेमरीतील एक सलग तुकडा बाजूला काढून ठेवण्याची पद्धत. चालू कर्नल (मेमरी, उपकरणे आणि प्रोग्रॅम सांभाळणारा प्रणालीचा गाभा) हा तुकडा स्वतःच्या कोणत्याही कामाला वापरत नाही. कर्नल कोसळला, की त्या तुकड्यात आधीच भरून ठेवलेला दुसरा, छोटा कर्नल (डंप-कर्नल) सुरू होतो आणि कोसळलेल्या कर्नलच्या मेमरीची प्रत, म्हणजे डंप, डिस्कवर किंवा नेटवर्कमार्गे दुसऱ्या यंत्रावर लिहून घेतो. लिनक्समध्ये या यंत्रणेला केडंप असे नाव आहे आणि किती मेमरी राखायची, हे ‘क्रॅशकर्नल’ या बूट पॅरामीटरने (सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनेने) सांगितले जाते. ही नोंद मुख्यतः लिनक्सविषयी असून इतर प्रणालींचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

गरज : एखादा साधा प्रोग्रॅम कोसळला, तर त्याच्या मेमरीची प्रत काढायला कर्नल हजर असतो. कर्नलच कोसळला, तर त्याच्यावर देखरेख करणारे दुसरे कोणी नसते. जुन्या युनिक्स परंपरेत प्रत काढण्याचे काम कोसळलेल्या कर्नलवरच सोपवलेले असे. तो आपली मेमरी स्वॅप विभागात (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील जागेत) लिहून ठेवी आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर सेव्हकोअर हा प्रोग्रॅम ती तिथून उचलून फाइलमध्ये घाली. लिनक्सवरील एलकेसीडी, नेटडंप आणि डिस्कडंप हे आरंभीचे प्रयत्नही कमीअधिक फरकाने याच वाटेने गेले. या वाटेत एक मूलभूत अडचण आहे. ज्या कर्नलमध्ये नुकताच बिघाड झाला, त्याच्याच ड्रायव्हरवर (उपकरणे हाताळणाऱ्या कोडवर), त्याच्याच कुलपांवर (एका वेळी एकानेच माहितीला हात लावावा म्हणून घातलेल्या बंधनांवर) आणि मेमरीवाटपाच्या त्याच्याच याद्यांवर भरवसा ठेवून डंप लिहावा लागतो. बिघाड नेमका डिस्क ड्रायव्हरमध्ये असेल, किंवा कोसळताना त्या ड्रायव्हरचे कुलूप लागलेले राहिले असेल, तर डंप अर्धवट अडकतो. त्याहून वाईट म्हणजे पत्ते बिघडले असतील, तर डिस्कवरील धडधाकट माहितीवरच चुकीचे काही लिहिले जाण्याचा धोका राहतो.

इतिहास : या अडचणीतून सुटण्याचा मार्ग केएक्झेक या यंत्रणेने खुला केला. एरिक बीडरमन यांनी रचलेल्या या यंत्रणेमुळे चालू कर्नलमधून बायॉसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ फर्मवेअरला) वळसा घालून थेट दुसऱ्या कर्नलमध्ये जाता येते. बायॉस मध्ये येत नसल्यामुळे मेमरीतील मजकूर पुसला जात नाही, आणि डंपच्या दृष्टीने हीच गोष्ट मोलाची ठरली. या पायावर केडंप उभे करण्याचे काम मोठ्या प्रमाणात आयबीएमच्या बंगळुरू येथील लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये झाले. विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लितीर्थ आणि बीडरमन यांनी त्याची रचना २००५ मध्ये ओटावा येथील लिनक्स परिसंवादात मांडली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या २.६.१३ या आवृत्तीत केएक्झेक व केडंप ही दोन्ही मुख्य लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाली.

मेमरी आधीच का राखावी : कर्नल कोसळल्यावर मेमरी मागून घेता येत नाही, कारण मागायची ती ज्याच्याकडे, तो मेमरीवाटप करणारा भागच तेव्हा विश्वासार्ह राहिलेला नसतो. यंत्र काही दिवस चालल्यावर, पण कोसळण्याआधी, मेमरी मागितली तरी शंभर-दोनशे मेगाबाइटचा सलग भौतिक तुकडा मिळेलच असे नाही. तोवर मेमरीचे असंख्य लहान तुकडे झालेले असतात आणि त्यांतले कित्येक जागचे हलवता येत नाहीत. ही दोन कारणे सहज लक्षात येतात. तिसरे कारण अधिक खोलवरचे आहे आणि संपूर्ण रचना त्याच्याभोवतीच बेतलेली आहे. नेटवर्क कार्ड, डिस्क नियंत्रक यांसारखी उपकरणे प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहीत असतात. या प्रकाराला डीएमए म्हणतात. कर्नल कोसळला तरी उपकरणांना त्याची खबर नसते. नेटवर्क कार्डाला पूर्वी जे पत्ते दिलेले आहेत, तिथे ते आलेले पॅकेट टाकतच राहते. प्रत्येक उपकरण रीतसर बंद करावे म्हटले, तर त्यासाठी पुन्हा कोसळलेल्या कर्नलच्याच ड्रायव्हरची मदत घ्यावी लागेल. म्हणून केडंप उपकरणे बंद करण्याच्या फंदात पडत नाही. दुसरा कर्नल अशा जागी चालवला जातो, जी जागा पहिल्या कर्नलने बूट झाल्यापासून कोणत्याही उपकरणाला कधीच दिलेली नाही. जुन्या मेमरीत डीएमए चालू राहिला तर फार तर डंपमधील काही पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) बदलतील, पण डंप घेणारा कर्नल त्याच्या तावडीत सापडत नाही.

राखीव तुकड्याला चालू कर्नलच्या चुकांपासूनही जपावे लागते. एक्स८६च्या (इंटेल व एएमडी प्रोसेसरांच्या) ६४-बिट रचनेत डंप-कर्नल भरून झाल्यावर हा तुकडा चालू कर्नलला फक्त वाचता येईल असा करून ठेवला जातो, तर आर्मच्या ६४-बिट रचनेत त्याची नोंद कर्नलच्या पत्तेनकाशातूनच काढून टाकली जाते. एखादा भरकटलेला पॉइंटर (मेमरीतील पत्ता धरून ठेवणारी नोंद) तिथे लिहू पाहील, तर तो तिथेच पकडला जातो.

कोसळल्यानंतरचा क्रम : पॅनिक, म्हणजे कर्नल कोसळण्याची घटना, झाल्यावर ज्या प्रोसेसरवर ते घडले तो इतर सर्व प्रोसेसरना थांबण्याचा आदेश देतो. एक्स८६वर त्यासाठी एनएमआय, म्हणजे रोखता न येणारा इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत), वापरतात, कारण एखादा प्रोसेसर साधे इंटरप्ट बंद करून अडकून पडलेला असू शकतो. प्रत्येक प्रोसेसरच्या रजिस्टरांतील मजकूर ठरलेल्या जागी नोंदला जातो. मग ताबा पर्गेटरी नावाच्या एका छोट्या मधल्या कोडकडे जातो. डंप-कर्नल भरताना काढलेली एसएचए-२५६ तपासबेरीज (मजकूर बदलला नाही ना, हे ओळखण्याची संख्या) हे कोड पुन्हा काढून पाहते आणि ती जुळली तरच पुढे जाते. डंप-कर्नल सुरू झाल्यावर त्याला वापरायला फक्त राखीव तुकडा असतो. बाकीची सारी मेमरी त्याला ‘/प्रॉक/व्हीएमकोअर’ या फाइलच्या रूपाने, वाचण्यापुरती दिसते. कोणती भौतिक मेमरी कुठून कुठवर आहे, हे सांगणारे ईएलएफ (लिनक्समधील एक फाइल-आराखडा) शीर्षक आधीच तयार करून राखीव जागेत ठेवलेले असते. त्यामुळे चालू यंत्रात मेमरी किंवा प्रोसेसर नव्याने जोडला वा काढला, तर हे शीर्षकही बदलावे लागते.

व्हीएमकोअर जशीच्या तशी उतरवली, तर एक टेराबाइट मेमरीच्या सर्व्हरचा डंपही टेराबाइटभर होईल. ते टाळण्यासाठी मेकडंपफाइल हा प्रोग्रॅम नको असलेली पाने गाळतो आणि उरलेली संकुचित करतो. त्याला दिलेली ३१ ही पातळी म्हणजे पाच निवडींची बेरीज आहे : शून्यांनी भरलेली पाने १, साधी कॅश पाने २, खासगी कॅश पाने ४, वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमांची पाने ८ आणि मोकळी पाने १६. ही पाचही वगळली की मुख्यतः कर्नलची स्वतःची मेमरी उरते, आणि बिघाडाच्या तपासाला सहसा तेवढी पुरते. पुढे क्रॅश या विश्लेषक प्रोग्रॅमने हा डंप उघडून प्रत्येक कार्याचा स्टॅक, कुलपे आणि लॉग पाहता येतात.

किती राखावी : या विषयातला सर्वांत कटकटीचा प्रश्न हाच आहे. पॅरामीटरचे साधे रूप ‘क्रॅशकर्नल=२५६एम’ असे असते. यंत्रातील एकूण मेमरीनुसार आकार बदलायचा असल्यास पल्ले देता येतात. उदाहरणार्थ, ‘क्रॅशकर्नल=५१२एम-२जी:६४एम,२जी-:१२८एम’ याचा अर्थ असा, की मेमरी ५१२ मेगाबाइटपेक्षा कमी असेल तर काहीच राखू नये, तिथपासून २ गिगाबाइटच्या आत असेल तर ६४ मेगाबाइट राखावी, आणि २ गिगाबाइट किंवा अधिक असेल तर १२८ मेगाबाइट राखावी. रेड हॅट या कंपनीच्या लिनक्स वितरणांत बराच काळ ‘ऑटो’ हा पर्याय होता. ६४-बिट एक्स८६साठी त्याचे सूत्र १६० मेगाबाइट आणि अधिक दर ४ किलोबाइटच्या पानामागे २ बिट असे होते. हे दोन बिट मेकडंपफाइलच्या नकाशासाठी लागतात, कारण कोणते पान अस्तित्वात आहे आणि कोणते लिहायचे, याची खूण त्याला प्रत्येक पानासाठी ठेवावी लागते. एक टेराबाइट मेमरीत अशी सुमारे २६ कोटी ८४ लाख पाने असतात. त्यांचा नकाशा बरोबर ६४ मेगाबाइटचा होतो आणि राखीव मेमरी २२४ मेगाबाइटवर जाते. पुढे मेकडंपफाइल हा नकाशा टप्प्याटप्प्याने, ठरावीक आकाराच्या जागेत हाताळू लागली, त्यामुळे एकूण मेमरीशी असलेले हे बंधन सैल झाले. ‘ऑटो’ हा पर्याय मुख्य लिनक्स कर्नलने कधीच स्वीकारला नाही आणि रेड हॅटनेही आपल्या नवव्या आवृत्तीत तो काढून टाकला. त्या आवृत्तीत ६४-बिट एक्स८६साठी १ ते ४ गिगाबाइटला १९२ मेगाबाइट, ६४ गिगाबाइटपर्यंत २५६ मेगाबाइट आणि त्यापुढे ५१२ मेगाबाइट असे सरळ पल्ले दिलेले आहेत.

मुख्य कर्नलची ही भूमिका योग्यच म्हणावी लागेल. लागणारी मेमरी यंत्रातील एकूण मेमरीपेक्षा डंप-कर्नलला काय काय करावे लागते यावर अधिक अवलंबून असते, आणि ते चालू कर्नलला बूट होताना कळण्याजोगे नसते. डंप स्थानिक डिस्कवर लिहायचा असेल तर एक ड्रायव्हर पुरतो. तोच नेटवर्कमार्गे पाठवायचा असेल, तर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, त्याच्या रांगा, एसएसएच किंवा एनएफएस (नेटवर्कवरून फाइल लिहिण्याच्या पद्धती) हे सारे त्याच छोट्या जागेत मावावे लागते. काही वेगवान कार्डांचे ड्रायव्हर रांगांसाठीच भरपूर मेमरी अडवून बसतात. लक्ष्य डिस्क एलयूकेएस या लिनक्समधील डिस्क-कूटबद्धीकरण पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीने कूटबद्ध असेल, तर परवलीच्या शब्दापासून किल्ली काढणारी आर्गॉन२ पद्धत मुद्दामच मेमरीखाऊ बनवलेली आहे. तिला एकटीला १ गिगाबाइटपर्यंत मेमरी लागू शकते. म्हणून डंप-कर्नल सहसा एकाच प्रोसेसरवर चालवतात, त्याची आरंभिक रॅमडिस्क (बूट होताना मेमरीत भरली जाणारी छोटी फाइलप्रणाली) मोजक्या मॉड्यूलांची बनवतात आणि नको ते ड्रायव्हर त्यातून वगळतात. फेडोरातील ‘केडंपसीटीएल एस्टिमेट’ आणि सुसेमधील ‘केडंपटूल कॅलिब्रेट’ या आज्ञा त्या विशिष्ट यंत्रापुरता अंदाज देतात. कोणत्याही सर्वसाधारण तक्त्यापेक्षा तो अधिक भरवशाचा असतो.

वरची आणि खालची मेमरी : एक्स८६वर राखीव तुकडा दीर्घकाळ ८९६ मेगाबाइटच्या खालीच शोधला जाई. मोठ्या सर्व्हरांना तेवढ्यात पुरेशी सलग जागा मिळेना, म्हणून २०१३ मध्ये ३.९ या आवृत्तीत ‘हाय’ आणि ‘लो’ हे उपपर्याय आले. ‘हाय’ दिल्यास मुख्य तुकडा ४ गिगाबाइटच्या वर घेता येतो. मात्र फक्त ३२-बिट पत्ते समजणारी उपकरणे अजूनही असतात आणि त्यांच्या डीएमएसाठी एसडब्ल्यूआयओटीएलबी नावाचा मधला साठा ४ गिगाबाइटच्या खाली ठेवावा लागतो. हा साठाच एरवी ६४ मेगाबाइटचा असतो. त्यामुळे ‘हाय’सोबत खाली एक लहान तुकडाही राखला जातो. तो विसरून शून्य केला, तर डंप-कर्नल बूट होतो खरा, पण डिस्क त्याला सापडेलच असे नाही.

पडताळणी : मेमरी खरोखर राखली गेली का, हे ‘/प्रॉक/आयओमेम’ या फाइलमधील ‘क्रॅश कर्नल’ या ओळीवरून दिसते, आणि डंप-कर्नल भरलेला आहे का, हे ‘/सिस/कर्नल/केएक्झेक_क्रॅश_लोडेड’मधील १ या आकड्यावरून कळते. या दोन्ही खुणा बरोबर असूनही डंप मिळेलच असे नाही. मेमरी थोडी जरी अपुरी पडली, तरी डंप-कर्नलमधील ओओएम यंत्रणा (मेमरी संपली की प्रोग्रॅम बंद करणारी) डंप लिहिणारा प्रोग्रॅमच मारून टाकते, यंत्र पुन्हा सुरू होते आणि हाती काहीच राहत नाही. खात्रीचा उपाय एकच आहे : यंत्र सेवेत घेण्यापूर्वी ‘/प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर’मध्ये ‘सी’ हे अक्षर लिहून कर्नल मुद्दाम कोसळवावा आणि डंप फाइल पूर्ण उतरली का ते पाहावे. कर्नलची आवृत्ती, ड्रायव्हर किंवा डंपचे ठिकाण बदलले, तर ही चाचणी पुन्हा करावी लागते. अनेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते आणि ते कळते खरा बिघाड झाल्यावरच. डंपमध्ये किल्ल्या, परवलीचे शब्द आणि वापरकर्त्यांचा खासगी मजकूर येऊ शकतो. म्हणून चाचणीचे डंपही जपून ठेवावे किंवा तपासून झाल्यावर पुसून टाकावे.

किंमत आणि पर्याय : राखलेली मेमरी यंत्र ठीक चालू असेपर्यंत पडूनच राहते. एका सर्व्हरवर २५६ मेगाबाइट ही क्षुल्लक बाब वाटते, पण एकाच यंत्रावर शेकडो आभासी यंत्रे चालत असतील, तर बेरीज मोठी होते. डंप-कर्नल भरलेला नसताना ‘/सिस/कर्नल/केएक्झेक_क्रॅश_साइझ’मध्ये लहान आकडा लिहून राखीव भाग कमी करता येतो. तो वाढवायचा असेल, तर मात्र यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. यावर सुचलेला एक अलीकडचा तोडगा ‘सीएमए’ हा उपपर्याय आहे. त्यात निश्चित राखीव तुकडा छोटा ठेवतात आणि बाकीची जागा चालू यंत्राला वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमांसाठी देतात. तशी पाने डंपमधून बहुधा वगळलीच जातात, म्हणून कोसळल्यावर ती पुसली गेली तरी चालते. मात्र त्या पानांत एखादा डीएमए चालू असू शकतो. त्यामुळे दुसऱ्या कर्नलमध्ये जाण्यापूर्वी तो संपण्यासाठी काही सेकंद थांबावे लागते, आणि डीएमएपासून अलिप्त जागेची मूळ हमी इथे थोडी सैल होते.

आयबीएमच्या पॉवर यंत्रांवर फर्मवेअर मदतीला येते. एफएडंप पद्धतीत यंत्र उपकरणांसह नव्याने सुरू होते, पण जुन्या मेमरीतील मजकूर फर्मवेअर सांभाळून ठेवते, त्यामुळे डीएमएचा प्रश्नच उरत नाही. विंडोजने वेगळा रस्ता धरला आहे. तिथे डिस्क ड्रायव्हरची स्वतंत्र प्रत आणि पेजिंग फाइलची (स्वॅप विभागासारख्या फाइलची) डिस्कवरील नेमकी जागा बूट होतानाच नोंदून ठेवतात, कोसळल्यावर त्या जागेत थेट लिहितात आणि पुढच्या वेळी सुरू होताना तिथून डंप फाइल बनवतात. यात मेमरी फारशी अडकत नाही, पण लिहिण्याचे काम कोसळलेल्या प्रणालीच्या मेमरीत बसलेल्या कोडलाच करावे लागते. आभासी यंत्राच्या बाबतीत यजमान प्रणाली बाहेरूनच त्याची सगळी मेमरी उतरवू शकते. मोबाइल फोन आणि इतर छोट्या उपकरणांना दुसऱ्या कर्नलचा भार परवडत नाही. तिथे रॅमऊप्स या लॉग जपणाऱ्या यंत्रणेसाठी थोडीशीच मेमरी राखतात, पॅनिकच्या वेळचा लॉग तिच्यात लिहितात, आणि उपकरणाची वीज न तोडता ते पुन्हा सुरू झाल्यास तो लॉग ‘/सिस/एफएस/पीस्टोअर’मध्ये फाइल म्हणून दिसतो.